अठ्ठ्याण्णव, एकदम नॉर्मल

"ताप वाढला तरच फोन कर," असं आईला तीन तीनदा बजावून मी घरातून निघाले होते. आणि ऐन मुलाखतीत फोन वाजला.

मी बसले होते अकोल्यातल्या इंगळे सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. समोरच्या पडद्यावर पुण्याच्या ॲनिमेशन स्टुडिओतली दोन माणसं दिसत होती. एक नाडकर्णी मॅडम, ज्यांच्या हातात माझी नोकरी होती. आणि शेजारी परांजपे नावाचे दाढीवाले गृहस्थ, त्यांचे तांत्रिक प्रमुख. मुलाखत सुरू झाल्यापासून या माणसानं तोंड उघडलं नव्हतं. आपलं पेनाचं टोपण काढायचं, लावायचं. काढायचं, लावायचं. मला तर वाटायला लागलं होतं की यांना मी मुळीच पसंत नाही.

"मॅडम, सॉरी, पण हा फोन घ्यावाच लागेल," मी म्हटलं. "घरी पेशंट आहे."

"अरेरे! घ्या ना, घ्या."

"आई, काय झालं?"

"काही नाही व," आईचा आवाज अगदी थंडगार. "तुया जिवाले घोर असन, म्हटलं सांगून टाकावं. ताप पाहिला आता. एकदम नॉर्मल हाय."

माझा जीव भांड्यात पडला. "किती?"

"अठ्ठ्याण्णव."

मी खुर्चीवरून ताडकन उठले. खुर्ची मागच्या मागे आडवी झाली आणि इंगळे सर दारातून धावत आत आले.

आता पेशंट कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई अठ्ठ्याण्णव तापाला एवढी काय उसळते. पेशंट म्हणजे माझा लॅपटॉप. जुना, कुणीतरी वापरून टाकलेला, विटेसारखा जड. विंडोज त्याच्यानं ओढवत नव्हतं म्हणून इंगळे सरांनी त्यावर लिनक्स टाकून दिलं. फुकट मिळतं, सगळ्या जगातले लोक मिळून बनवतात, असं मी घरी सांगितल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "फुकटाचं म्हणजे तसंच असन." त्यावर आईच तडकली. "सरकारी दवाखान्यात बी औषध फुकटच देतो आमी. मरतात का लोकं?" आई सिव्हिल हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स. उभा जन्म वॉर्डात गेलेला. तिच्यासमोर फुकटाला नावं ठेवायची सोय नाही.

लिनक्स छान चाललं, पण पंख्याची कटकट झाली. लॅपटॉपच्या पोटात एक छोटा पंखा असतो. आतलं डोकं तापलं की तो जोरात फिरायला हवा. आमचा पठ्ठ्या फिरायचा तर फिरायचा, नाहीतर सुस्त. मग मी चार ठिकाणी वाचून शिकले. एक आज्ञा दिली की आतला ताप आकड्यात दिसतो. दुसरीकडे नियम लिहून ठेवायचा, की इतक्याच्या वर गेलं की पंखा हळू, तितक्याच्या वर गेलं की फुल्ल. दिवसचे दिवस डोकं खाजवल्यावर नियम चालला. त्या दिवशी मी अंगणात नाचले होते, खोटं नाही सांगत. आणि नियम कधी बिघडलाच तर हातानं पंखा फुल्ल करायला एक छोटी आज्ञा बनवली. तिचं नाव ठेवलं 'पंखा'. मराठी बाईच्या लॅपटॉपला मराठीत सांगितलेलं कळायलाच पाहिजे!

तर त्या लॅपटॉपवर माझी चिमणी तयार होत होती. मातीच्या परळात अंघोळ करणारी चिमणी. ती पंख झटकते आणि पाण्याचे शेकडो थेंब उन्हात उडतात. स्टुडिओनं सांगितलं होतं, मुलाखत आज दुपारी आणि त्या चिमणीचा शॉट आज संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पोचला पाहिजे. नंतर आलेला पाहणार नाही. चित्रामागून चित्र काढत लॅपटॉप कालपासून राबत होता. थोडीच चित्रं उरली होती. मुलाखतीला लॅपटॉप उचलून आणायची सोय नव्हती म्हणून मी इंगळे सरांकडे आले, आणि पेशंटजवळ आईला बसवलं.

ज्याला ताप आला आहे त्याच्याजवळ आईला बसवलं, याहून भरवशाचं काय असणार? आकडे तिला चष्म्याशिवाय दिसावेत म्हणून चांगले ठसठशीत मोठे करून ठेवले. "हा याचा ताप. पाहत राहा. वाढला तरच फोन कर." झालं. किती वाढला तर, हे सांगायचं मला सुचलंच नाही. आणि तिला विचारायचं सुचलं नाही, कारण तापाबद्दल वानखडे सिस्टरला कुणी काय सांगायचं! आपल्याकडे माणसाचा ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात. अठ्ठ्याण्णव म्हणजे ठणठणीत. लॅपटॉप मोजतो सेल्सिअसमध्ये. अठ्ठ्याण्णव म्हणजे चहाचं आधण.

शंभरीपाशी गेला की तो स्वतःचा जीव वाचवायला फटकन बंद पडतो. त्या आठवड्यात दोनदा पडला होता. मग थंड होईपर्यंत उठत नाही. आणि अकोल्यात, मे महिन्यात, दुपारी थंड व्हायचं म्हणजे काय करायचं?

"आई, तो उकळून राहिला!" मी ओरडले.

"कोण उकळून राहिला?"

"लॅपटॉप! त्याला अठ्ठ्याण्णव म्हणजे भयंकर ताप!"

"मंग तसं सांगायचं ना बाई! मी येथं तासाभरापासून नॉर्मल नॉर्मल म्हणून बसली." एका क्षणात तिचा आवाज बदलला. ड्यूटीवरचा आवाज. मी लहानपणी वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून ऐकायचे तो. "थांब. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवते. कपाळ कोणतं याचं?"

"पट्ट्या नको! आई, पाणी लावू नको, मरन तो!"

पडद्यावर नाडकर्णी मॅडमनी घाबरून हात तोंडाशी नेला होता. "अहो, डॉक्टरांना बोलवा," त्या म्हणाल्या. "आम्ही मुलाखत नंतर घेऊ."

"मॅडम, पेशंट म्हणजे लॅपटॉप आहे. तुमचाच शॉट निघतोय त्याच्यावर. अठ्ठ्याण्णववर गेलाय."

परांजपेंच्या हातातलं टोपण थांबलं. ते पुढे सरकले, इतके की पडद्यावर नुसती दाढी दिसायला लागली. "कुठली सिस्टिम?"

"लिनक्स."

"पंख्याला नियम लिहिलाय?"

"लिहिलाय. सकाळपासून नीट चालला होता. पंचाहत्तरच्या वर जात नव्हता."

"मग मध्ये कुणी झाकण बंद केलं होतं का, विचारा बरं."

मी फोन स्पीकरवर टाकला. "आई, झाकण लावलं होतं का तू?"

"हौ. वावटळ आली ना मघाशी. धूळच धूळ घरात. म्हटलं पेशंटच्या नाकातोंडात जाईन. धूळ गेली, मंग उघडलं. काही चुकलं का?"

"झोपला तो," परांजपे म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "झाकण लावलं की झोपतो, आणि उठल्यावर चित्रं काढायचं काम आठवतं त्याला, पण पंख्याचा नियम विसरतो. माझ्याही लॅपटॉपनं हेच केलं होतं. बाई, हातानं लावता येतो का पंखा?"

"आज्ञा बनवलीय. पण आईला टाइप करावं लागेल."

"मग सांगा त्यांना. बघताय काय?"

मुलाखत गेली खड्ड्यात. मी फोन तोंडाशी धरला. "आई, ऐक. आकडे दिसतात त्याच्या खाली काळा चौकोन आहे. तिथं बाण नेऊन एकदा टिचकी मार."

"मारली. पांढरी रेघ लुकलुकून राहिली."

"शाब्बास. आता लिही. एस, यू, डी, ओ. मग मोकळी जागा. मग पी, ए, एन, के, एच, ए."

"पंखा. हे समजलं. आन हे सुडो काय होय?"

"मेट्रनचा हुकूम आहे असं समज. ते लिहिल्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही."

"बराबर हाय," आई म्हणाली. हॉस्पिटलातल्या मुख्य नर्सचं महत्त्व तिला कुणी शिकवायला नको होतं. कीबोर्डवर एकेक बोट पडल्याचा आवाज आला. टक. टक. टक. "एंटर मारलं. आता पासवर्ड मागते हा. आन आकडा नव्व्याण्णव झाला व!"

पासवर्ड.

 

त्या पासवर्डची गोष्ट अशी. बाबा मी शाळेत असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. स्टुडिओत अर्ज करते म्हटल्यावर आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "पुण्यात तुले कोण वळखते? झेडपीत जागा निघून राहिल्या, ते पाय. कार्टून काढायले एवढ्या दूर कायले जा लागते?" मीही काही कमी नाही. तिचीच लेक. दोन दिवस आम्ही एकमेकींशी भाजी-पोळीपुरतं बोलत होतो. त्याच दिवसांत इंगळे सर लिनक्स टाकत होते आणि म्हणाले, पासवर्ड ठेव काहीतरी, तुला रोज लिहायचा आहे, लक्षात राहील असा ठेव. मी रागारागात ठेवला. रोज लिहायची आणि रोज बरं वाटायचं.

मुलाखत द्यायला तिनं शेवटी हो म्हटलं होतं. पण जायला हो म्हटलं नव्हतं. ते आम्ही दोघींनी पुढे ढकललं होतं.

"सांग ना लवकर!" आई ओरडली.

"लिही. पी."

"थांब, तळहातावर लिहून घेते. मंग टाइप करते." वॉर्डात कागद हाताशी नसला की ती डाव्या तळहातावर लिहायची. बी.पी., औषधाचा डोस, बेड नंबर. "हं, पी."

"यू, एन, वाय, ए, एल, ए."

"पी, यू, एन, वाय, ए, एल, ए," तिनं म्हणून दाखवलं. "पुण्याला."

मी पडद्यावरच्या मॅडमकडे पाहिलं.

"पुढे?"

"सी, एच, ए, डबल एल, ई."

पेन थांबल्याचं मला इथं कळलं. स्पीकरवर नुसता कूलरचा आवाज येत होता. इंगळे सर खाली पडलेली खुर्ची हातात धरून तसेच उभे.

"पुण्याला चालले," आईनं तळहातावरचं पूर्ण वाचलं. हळू वाचलं, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"आई..."

"मधी मोकळी जागा सोडायची का?"

"नाही."

"मंग ठीक." टक. टक. मग थांबली. "काही उमटून नाही राहिलं."

"उमटत नाही तिथं. कुणाला दिसू नये म्हणून. तू लिहीत राहा."

"न दिसता कसं लिहू? बरोबर पडलं का चुकलं, कसं समजन?" तिनं घाईघाईनं काहीतरी बडवल्याचा आवाज आला. "हे पाय. सॉरी म्हणते तो. पुन्हा लिहा म्हणते."

"आई, ऐक." मला एकदम सुचलं. "शीर दिसत नाही तेव्हा सुई कशी घालायचीस तू?"

"बोटाले लागते ना शीर. दिसाची काय गरज?"

"मग तसंच. तळहातावरचं एक अक्षर पाहा, एक बोट मार. पडद्याकडे पाहूच नको."

"नव्व्याण्णवच हाय अजून," ती म्हणाली.

टक.

मी इथं मनात अक्षरं मोजत होते. पी. यू. एन. आई एक एक अक्षर मारत होती आणि मला दिसत होतं तिचं ते बसणं: मान वाकवलेली, डावा तळहात डोळ्यांपुढे, उजव्या हाताची तर्जनी ताठ. ज्या वाक्यावर तिचा सगळा राग होता, ते ती स्वतःच्या बोटानं लिहीत होती. एकही अक्षर चुकू नये म्हणून जपून लिहीत होती. तिला एक अक्षर चुकवता आलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

टक. टक. शेवटचं टक जरा मोठं होतं.

"एंटर मारलं."

 

आणि मग फोनमधून आवाज आला. आधी घुर्र, मग घों, मग गिरणी सुरू झाल्यासारखा. आई किंचाळली, "फिरला व! फिरला! पंखा फिरला! गरम वारा फेकून राहिला बाजूनं!"

"आकडा सांग, आकडा!"

"नव्व्याण्णवच... थांब... सत्त्याण्णव! चौऱ्याण्णव! उतरला बाप्पा, ताप उतरून राहिला! एक्क्याण्णव!"

"येस!" परांजपेंनी टेबलावर मूठ आपटली आणि टोपण कुठे उडालं ते सापडलं नाही. इंगळे सरांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढे पडायची राहिले. "अठ्ठ्याऐंशी," आई सांगत होती. "शहाऐंशी. आन चित्र निघूनच राहिले, थांबलं नाही काही. चिमणी पंख उघडून बसली इथं."

मी रडत होते की हसत होते, मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

गोंधळ ओसरला तेव्हा नाडकर्णी मॅडम म्हणाल्या, "संयुक्ता, एक विचारू? तुमच्या आईला हे... म्हणजे तुमचं पुण्याला येणं मान्य आहे का?"

फोन अजून स्पीकरवर होता.

"कोण होय? मॅडम होय का?" आई मोठ्यानं म्हणाली. "नमस्कार मॅडम. मी तिची आई बोलते, सुलोचना वानखडे. तुमच्याकडे कूलर हाय का?"

"एसी आहे," मॅडम गोंधळून म्हणाल्या.

"एसीनं सर्दी होते तिले. जरा दूर बसवा." आणि फोन ठेवला.

त्यानंतरचं सगळं धावपळीचं. शॉट पुरा झाल्याचा फोन आला तशी मी स्कार्फ गुंडाळून भर उन्हात स्कूटी हाणत घरी गेले. घरात पाहते तर लॅपटॉप चार स्टीलच्या वाट्यांवर उंच ठेवलेला, खालून हवा लागावी म्हणून. कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलेलं. आणि आई बाजूला घामाघूम, पंख्याच्या फटीपुढे हात धरून बसलेली.

"साठवर आणला," ती म्हणाली. "ने तुयी चिमणी."

मी पेन ड्राइव्ह लावला. ती भरत होती तेवढ्यात माझं लक्ष तिच्या डाव्या तळहाताकडे गेलं. निळ्या शाईत, केसपेपरवर लिहायची त्याच ठळक अक्षरात. तिनं मूठ मिटून घेतली.

"आई, तो पासवर्ड मी रागात..."

"जाय. उशीर करशीन. संध्याकाळ काय कुणासाठी थांबते का?"

संध्याकाळच्या आत इंगळे सरांकडच्या नेटवरून चिमणी पुण्याला पोचली. दुसऱ्या दिवशी नाडकर्णी मॅडमचा फोन आला. चिमणी आवडली, पाण्याचे थेंब जरा जड झालेत, ते इथे येऊन शिका, म्हणाल्या. आणि परांजपे म्हणतात की त्या मुलीला माझ्या टीममध्ये द्या, नाहीतर मी तिच्या आईला घेतो.

अकोला स्टेशनवर आई सोडायला आली तेव्हा तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर डबा ठेवला, वर कैरीची चटणी, वर पाण्याची बाटली, वर सर्दीच्या गोळ्या. लॅपटॉप मी तिच्यासाठी घरीच ठेवला होता. तिकडे मोठा कॉम्प्युटर मिळणार होता. ती फार बोलत होती. आई फार बोलायला लागली की समजायचं.

"आई, बरी आहेस ना?"

"मले काय होते? अठ्ठ्याण्णव. एकदम नॉर्मल."

गाडी हलली. मी खिडकीच्या गजाला तोंड लावून ओरडले, "कोणाचं अठ्ठ्याण्णव? माणसाचं का लॅपटॉपचं?"

ती गाडीबरोबर चार पावलं चालली. हसत होती, आणि पदरानं डोळे पुसत होती.

"लॅपटॉपचं व!" ती ओरडली.

अकोला मागे पडलं तरी मला डबा उघडवला नाही. शेवटी शेजारच्या बाईंनीच मला पाणी दिलं.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. माझ्या हाताखाली आता दहा-बारा पोरंपोरी काम करतात. पण ती पहिली दिवाळी मला अजून कालसारखी आठवते.

घरी गेले ती स्टुडिओत केलेलं पहिलं काम आईला दाखवायची घाई घेऊनच. फराळ बाजूला, आधी हे बघ म्हटलं. तोच जुना लॅपटॉप, त्याच वाट्या. वाट्या काढल्याच नव्हत्या तिनं. फिल्म लावली. पोपट, वड, नदी, भारी रंग. आई चष्मा लावून पाहत होती. अर्धी झाली नसेल तोच तिनं बोट दाखवलं.

"ताप पाय. चौऱ्याऐंशी. नियम विसरला हा पुन्हा. पंखा लाव."

तिला आता सगळं कळत होतं. मी काळा चौकोन उघडला, सुडो पंखा लिहिलं, पासवर्ड मारला. पुण्याला चालले. बोटांना सवय होती.

सॉरी, म्हणाला तो. पुन्हा लिहा.

पुन्हा मारला. पुन्हा सॉरी.

"चालत नाही," मी म्हटलं. "काय झालं याला?"

"बदलला मी," आई म्हणाली. चिवड्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. "इंगळे सरांकडे गेली होती. ते म्हणे, मावशी, काहीही ठेवा, लक्षात राहीन असा."

"मग सांग ना. काय ठेवला?"

"लिही. जी."

मी लिहिलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. उमटतच नाही तिथं.

"एच, ए, आर, आय."

बोटं चालत होती. माझं लक्ष नव्हतं. मला फिल्म पुढे दाखवायची होती.

"ए, ए, एल, ई. झालं. मोकळी जागा नाही मधी."

मी एंटरवर बोट ठेवलं आणि मग मला ते वाचता आलं. पडद्यावर काही नव्हतं. माझ्याच बोटांनी लिहिलं होतं. मी आईकडे पाहिलं. ती आकड्यांकडे पाहत होती.

"दाब ना," ती म्हणाली. "वाढून राहिला ना ताप."

घरी आले. एंटर दाबलं, आणि पंखा फिरला.